पावणेतीनची ओळ

दर तासाला दोनदा सर मुके होत. पंधराव्या मिनिटाला तीन मिनिटं आणि पंचेचाळिसाव्याला तीन मिनिटं. वाक्य अर्धं असलं तरी ते तिथंच थांबे. खडू फळ्याला टेकलेला असला तर टेकलेलाच राही. अठराव्या मिनिटाला ते वाक्य जिथं सुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे चालू होई. एकदा दूधवाल्याला "उद्यापासून एक" एवढंच सांगून ते गप्प झाले. तो बिचारा किटली घेऊन जिन्यात उभा. तीन मिनिटांनी सर म्हणाले, "लिटर कमी."

मी यादी करणारी बाई आहे. भाजीची, विम्याच्या हप्त्यांची, कोणाच्या लग्नात काय दिलं त्याची, सगळ्यांची वही माझ्याकडे असते. सरांबद्दल लिहायचं असंही वहीत बरीच वर्षं लिहून ठेवलेलं होतं आणि दरवर्षी ते पुढच्या वहीत जात होतं. माझ्या याद्यांमध्ये इतका रेंगाळलेला दुसरा विषय नाही.

सर जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. नागपूरचेच. तरुणपणी समुद्रावर गेले, पंधरा वर्षं निरनिराळ्या मालवाहू जहाजांवर काढली, मग परत येऊन गांधीबागेत एका कापडाच्या घाऊक दुकानावरचे दोन मजले भाड्यानं घेतले आणि जहाजाच्या रेडिओचं शिक्षण देणारा क्लास काढला. पहिल्या मजल्यावर क्लास, दुसऱ्यावर घर. मुलं त्यांना कौतुकानं 'कप्तान' म्हणायची. ते दर वेळी थांबवत. "मी कप्तान नाही. कप्तान जहाज चालवतो. मी ऐकतो."

खालच्या दुकानाचे शेठ त्यांची थट्टा करायला टपलेले असत.

"मास्तर, इथं पोहायले तलावात पानी नाही, आन् तुम्ही जहाजाचं लायसन देऊन राहिले पोट्ट्याईले!"

"शेठ, तुमच्या दुकानात तरी नवरी कुठं आहे?" सर म्हणत. "शालू विकताच ना?"

त्या क्लासमध्ये मी कारकून म्हणून लागले ती सत्तरीच्या दशकाची अखेर होती. छप्पन साली दीक्षाभूमीवर मी आईच्या कडेवर होते. आमच्या घरात टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिलीच. सरकारी कचेरीत कारकून व्हायचं हे आईनं माझ्या आधीच ठरवलेलं होतं. त्यासाठी एक वर्षाच्या अनुभवाचं पत्र हवं होतं, म्हणून ही नोकरी. आई म्हणाली, "समुद्र नाही तिथं जहाजाची शाळा. बरं, वर्षच काढायचं आहे."

पहिल्याच दिवशी सरांनी मला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या दोन फाका त्यांनी लाल ऑइलपेंटनं रंगवल्या होत्या.

"समुद्रावर मोर्सचा, म्हणजे लहान-लांब ठोक्यांच्या लिपीचा, एक चॅनेल मदतीच्या हाकेसाठी असतो," ते म्हणाले. "जहाजं एकमेकांना बोलावतातही त्याच्यावरच. त्यामुळे गलका असतो. ज्याची बॅटरी संपत आली आहे ते जहाज मोठ्यानं ओरडू शकत नाही. त्याचं ऐकू यायचं असेल तर बाकीच्यांनी गप्प बसावं लागतं. म्हणून जगातलं प्रत्येक जहाज तासाला दोनदा तीन मिनिटं गप्प बसतं आणि ऐकतं. आपलं घड्याळ त्यांच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास पुढं आहे, तरी पंधरा आणि पंचेचाळीस तेच राहतात. बघा हिशेब करून."

मी केला. बरोबर होता. माझा त्यांच्याबद्दल आदर वाढला तो त्या हिशेबामुळे.

मोर्सनंतर ते बोलायचा रेडिओ शिकवत. त्यासाठी जुन्या टेलिफोनचे दोन रिसीव्हर खोलीच्या दोन टोकांना तारेनं जोडलेले होते. त्यात मुख्य धडा सोळा नंबरच्या चॅनेलचा. सोळावर फक्त हाक मारायची. उत्तर आलं की दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर जाऊन काय ते बोलायचं. सोळा अडवून ठेवायचा नाही, कारण संकटातला माणूस तिथंच हाक मारणार. सरांनी हा नियम घरालाही लावला होता. दार म्हणजे सोळा नंबर. दारात उभं राहून कोणी गप्पा सुरू केल्या की ते त्याला हाताला धरून आत आणत. "आत बोला. दार मोकळं ठेवा." बोलावताना नाव तीनदा घ्यायचं आणि मग स्वतःचं सांगायचं, हाही समुद्रावरचाच रिवाज. खिडकीतून ते ओरडत, "कोथिंबीरवाले, कोथिंबीरवाले, कोथिंबीरवाले, मी पहिल्या मजल्यावरून बोलतो आहे!" हमाल हातगाड्या थांबवून ऐकत. संकटाचा जो शब्द असतो, तो मात्र ते सरावातही उच्चारू देत नसत. फळ्यावर लिहीत आणि लगेच पुसत.

पण क्लासमधलं मौन केवळ समुद्रासाठी नव्हतं. ते काकूंसाठी होतं.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती आणि आवाज बसला होता. खाटेजवळ बसल्याशिवाय त्यांचं बोलणं ऐकू येत नसे. सरांनी त्यांच्या उजव्या हाताशी मोर्सची एक की, म्हणजे ठोके द्यायची खटकी, बांधून दिली होती. तिची तार जिन्यातून खाली येऊन क्लासमधल्या एका लहानशा बझरला मिळालेली होती. दाबलं की बझर गुणगुणायचा, डास कानाशी आल्यासारखा. चौदा मुलं एकदम मोर्सचा सराव करत असताना त्या खोलीत तो ऐकू येणं अशक्यच. म्हणून ती तीन मिनिटं. काकूंच्या खोलीतही लाल फाकांचं घड्याळ होतं.

"मले बी जहाज करून टाकलं या मानसानं," काकू मला म्हणत. "बुडाचं असंल तं टायमावर बुडा म्हनते."

"काकू, मोर्स शिका ना थोडं. सरांना किती बरं वाटेल."

"मी कायले शिकू? जनमभर त्याची तार यायची वाट पाहत बसली मी. आता त्यानं पाहावं वाट."

सर स्वतः तासातासाला वर जाऊन येत, त्यामुळे की वापरायची पाळी क्वचितच येई. महिन्यातून एखाद्या वेळी बझर वाजे. सर दोन दोन पायऱ्या चढत वर जात आणि काकू म्हणत, "काही नाई. चालू हाये का नाई थे पाहून राहिली होती."

आता रजिस्टरबद्दल. प्रत्येक मौनाची नोंद जहाजावर ठेवावी लागते, म्हणून क्लासमध्येही ठेवली जाई. ते काम माझ्याकडे होतं. वेळ आणि पुढे शेरा: 'मौन पाळले. काही ऐकू आले नाही.' समुद्रावरून आलेलं असो वा वरच्या मजल्यावरून, जे ऐकू येईल ते लिहायचं. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी खरं काय ते, आणि चुकणाऱ्याची सही. दुसऱ्याची ओळ दुसऱ्यानं खोडायची नाही. वरिष्ठानं खोडलीच तर आपल्या सहीनं. रोज संध्याकाळी सर पानाखाली सही करत.

आठ ते पाच क्लास, म्हणजे दिवसाला अठरा नोंदी. अठराही सारख्या. सरांचा जुना रेडिओ दिवसा नागपुरात खरखरीशिवाय काही देत नसे. समुद्र फार लांब. तिसऱ्या महिन्यापासून मी सकाळी आल्या आल्या अठराच्या अठरा ओळी लिहून टाकू लागले. पाच मिनिटांत काम उरके. मग मौनाच्या तीन मिनिटांत मी मुकाट्यानं फीच्या पावत्या लावी, हजेरी तपाशी. कधी बझर वाजलाच तर तेवढ्या ओळीवर रेघ मारून सही करी, आणि त्या एखाद्या रेघेमुळे रजिस्टर उलट जास्तच खरं दिसे. रजिस्टर भरून झालं की ते मी कपाटात ठेवत असे आणि सरांनी मागितलं तरच काढत असे. या व्यवस्थेचा मला अभिमान होता. हे लिहिताना हात अडखळतो, पण अभिमानच होता.

त्या दिवशी सर कुहीला गेले. एका विद्यार्थ्याचे वडील धानाची शेती सोडून मुलाला समुद्रावर पाठवायला तयार नव्हते, त्यांना समजवायला. मी लागल्यापासून सर दिवसभर बाहेर राहण्याची ती पहिली वेळ. निघताना त्यांनी मला सूचना दिल्या आणि मी त्या लिहून घेतल्या: एक वाजता काकूंचं औषध, चारच्या टपालानं परीक्षेचे फॉर्म. मग जिन्यात थांबून ते म्हणाले, "आणि मौन. बाकी काही राहिलं तरी चालेल."

ते मी यादीत लिहिलं नाही. रोजची कामं मी यादीत घेत नाही.

फॉर्मवर प्रत्येक मुलाचा मोर्सचा वेग भरायचा होता. त्याची परीक्षा टेपवर होती, सलग वीस मिनिटांची. एकला मी काकूंना औषध दिलं. जेवणं, फॉर्मवरचे फोटो चिकटवणं, यात अडीच वाजले. मी टेप लावली. लाउडस्पीकरमधून मोर्स सुरू झालं, चौदा माना खाली गेल्या. पावणेतीनला एका मुलानं हात वर केला.

"मॅडम, मौन."

"आज नाही. टेप थांबवली तर पहिल्यापासून घ्यावी लागेल. टपाल जाईल."

"सरांना कळलं तर?"

"नोंद झालेली आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मी पुढं आयुष्यात कोणालाही म्हणालेली नाही.

टेप संपली. मी वेग मोजले, फॉर्म भरले. मुलं पुन्हा सरावाला लागली होती. सव्वातीनला सगळी मौनासाठी थांबली, आणि बझर वाजला. एकसारखा, न तुटता.

मी वर धावले. काकू खाटेखाली फरशीवर होत्या. पाण्याचं भांडं कलंडलेलं, उजवा पाय नको त्या कोनात वळलेला. तारेसकट खाली ओढून घेतलेली की हातात होती आणि डोळे घड्याळावर होते.

"आली वं माय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, सव्वातीनले तं येतीनच."

शेठनी गिऱ्हाईक सोडून आपली मेटॅडोर काढली. ताग्यांच्या गाठी रस्त्यावर उतरवल्या, आत गादी घातली. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत शेठ पुढे बसून सारखं मागे पाहत होते आणि ड्रायव्हरवर ओरडत होते, "हळू गा! कापूस नाही हाये तो!" खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडतानाच मोडलं. मी त्यांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, हाडाला फरक पडला नसता. ते उत्तर मी बरीच वर्षं जपून ठेवलं. हाडापुरतंच ते उत्तर आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

सर संध्याकाळी थेट हॉस्पिटलात आले. चपलांना कुहीची माती. त्यांनी काकूंच्या कपाळावर हात ठेवला आणि मला विचारलं, "हाक किती वाजता ऐकली?"

"सव्वातीनला."

"आणि पावणेतीनला?"

माझं तोंड उघडण्याआधी खाटेवरून आवाज आला, "पावणेतीनले मी झोपली होती. तीन वाजता पडली."

सरांनी मान हलवली आणि ते औषधं आणायला गेले. काकूंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तीन मिनिटं दाबून धरली होती वं मी. घड्याळ पाहून. काहून नाई आली?"

मी सांगितलं. टेप, टपाल, सगळं.

"मी सोडून देल्ली मंग की. म्हटलं, आता मधात दाबून कायचा फायदा? पोट्टे टिकटिक करून राहिले असतीन. सव्वातीनलेच ऐकू जाईन."

जन्मभर ज्या नियमाची टिंगल केली, त्याच्या भरवशावर ती बाई मोडक्या हाडानं अर्धा तास फरशीवर थांबली होती. मी रडायला लागले.

"रडू नको. त्याईले सांगू नको मातर. पंधरा वरसं त्यानं साऱ्या दुनियेच्या हाका ऐकल्या, आन् मी इथं एकटी होती. त्याचं खातं थो आता भरून राहिला. घरातली हाक बी गेली म्हनून कळलं तं जेवण सोडन." मग म्हणाल्या, "तुज्यासाठी नाई करून राहिली मी हे. समजली?"

समजले होते. तरी त्याचा फायदा मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कपाट उघडायला सांगितलं. रजिस्टर टेबलावर घेतलं. आदल्या दिवशीचं पान. अठरा ओळी, सुंदर अक्षरात. सव्वातीनच्या ओळीवर मी त्यांच्यासमोर रेघ मारली, 'हाक आली' लिहून सही केली. पावणेचारला मौन पाळलेलं होतं, सव्वाचारला पाळलेलं होतं, पावणेपाचला पाळलेलं होतं. त्या वेळी क्लासला कुलूप होतं आणि किल्ली शेठकडे होती.

सरांनी त्या तीन ओळींवर आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी आपल्या सह्या केल्या. अगदी सावकाश. मला वाटलं, ते आता मागची पानंही उलटतील. उलटली नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं, पेन पानावर आडवं ठेवलं.

"पावणेतीनची ओळ तुमची आहे," ते म्हणाले.

अनुभवाच्या पत्राला एकच महिना उरला होता. काकूंना दिलेला शब्द होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शब्द आठवला नाही, पत्रच आठवलं. शब्द मी नंतर आठवला, सोयीसाठी.

"ती बरोबर आहे, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात सव्वादहा झाले. वर खाट रिकामी होती, वाजवणारं कोणी नव्हतं. सर उभे राहिले, बझरकडे पाहत, तीन मिनिटं. खाली शेठ कोणाला तरी वाराचा भाव सांगत होते. त्या तीन मिनिटांत मी काहीही बोलू शकले असते. मौनात हाक मारायला बंदी नसते. मौन त्यासाठीच असतं.

महिन्यानं पत्र मिळालं. टायपिंग चांगलं, हजेरी नियमित, वागणूक सभ्य. मी खूश झाले. त्यात नोंदींबद्दल एक अक्षर नाही, हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली.

काकू त्यानंतर उभ्या राहिल्या नाहीत. सरांनी त्यांची खाट खाली क्लासमध्येच आणली, रेडिओशेजारी, आणि मुलांना हेडफोन दिले. मी कचेरीतून कधी भेटायला गेले की काकू मुलांच्या चुका काढत असत. मोर्स त्यांना ऐकून ऐकून यायला लागलं होतं. "थो तिसरा पोट्टा चुकून राहिला," असं त्या कुजबुजत, आणि सर अभिमानानं माझ्याकडे बघत. कोणी पाहुणा आला की सर त्याला सांगत, "सव्वातीनच्या मौनानं वाचली ही." काकू माझ्याकडे पाहत नसत. मीही त्यांच्याकडे पाहत नसे.

काकू गेल्यावर सरांनी क्लास बंद केला. बहिणीकडे राहायला जाण्याआधी ते माझ्या घरी आले, बरोबर हातगाडीवर रजिस्टरांचे गठ्ठे. मी दारातच म्हटलं, "सर, तुम्ही कशाला त्रास घेतला?" ते आत आले आणि मग म्हणाले, "दारात नको. ही तुमच्याकडे नीट राहतील. कधी वेळ झाला तर बघा."

मी त्यांना नंबर घातले, पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, माळ्यावर ठेवले. त्यातलं एकही कधी उघडलं नाही. सर गेल्याचं पत्र आलं तेव्हाही नाही.

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला. काय ठेवायचं, काय रद्दीत द्यायचं, याची यादी करत होते. ते रजिस्टर हातात आलं आणि मी पाटावर बसून ते पान काढलं. सरांच्या तीन लाल रेघा, तीन सह्या. वर पावणेतीनची माझी ओळ, तशीच, स्वच्छ. आणि पानाच्या तळाला, जिथं रोज संध्याकाळी सर सही करत, तिथं काही नव्हतं. मी मागची पानं पाहिली, पुढची पाहिली. एकूण एक पानावर सही होती. हे एकच पान त्यांनी उघडं ठेवलं होतं.

मी पेन आणलं. वेळ लिहायची म्हणून घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून सोळा मिनिटं. मी पेन हातात धरून अठरापर्यंत थांबले.

मग रेघ मारली, सही केली आणि शेजारी लिहिलं: मौन पाळले नाही. हाक आली होती.